एकांताचा हिशेब

पाचगणीच्या एका थंड हवेच्या निवासस्थानात भरणाऱ्या ‘आत्मशोध शिबिरा’चे निमंत्रणपत्र नुकतेच माझ्या हाती आले, आणि ते वाचून खाली ठेवल्यावरही त्यातली भाषा डोक्यातून जाईना. दोन रात्री आणि तीन दिवस मौन पाळावयाचे, फोन दाराशीच जमा करावयाचा, सकाळी दरीकडे तोंड करून श्वासाकडे लक्ष द्यावयाचे, दुपारी एका सुबक वहीत मनात येईल ते उतरवावयाचे आणि तिसऱ्या दिवशी निघताना आपल्या आयुष्याचे प्रयोजन एका वाक्यात लिहून घरी न्यावयाचे, असा त्याचा एकंदर कार्यक्रम आहे. आणि या सर्वांवर कळस म्हणून ‘समविचारी माणसांच्या समुदायात कायमचे स्थान’ असे एक आश्वासनही त्यात आहे, ज्याचा चौकशीअंती निघणारा अर्थ व्हॉट्सॲपवरचा एक गट एवढाच. शुल्काचा आकडा येथे देत नाही. घाटाच्या पायथ्याच्या गावातल्या शेतमजुराने तो वाचला, तर छापताना एक शून्य अधिक पडले असावे असेच त्याला वाटेल.

ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनी मौन विकत घ्यावे, यात रागावण्यासारखे फारसे नाही. माणसे याहून वाईट वस्तूंवर पैसा घालवितात. राग येतो तो याच भाषेचा दुसरा उपयोग पाहून. ज्या कार्यालयात माणसे कमी करून उरलेल्यांवर दुप्पट काम लादले आहे, ज्या कारखान्यात पगार महिनोन्‌महिने थकले आहेत, ज्या शाळेत शिक्षक वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर राबतो आहे, तेथेही आता एखादा व्याख्याता बोलाविला जातो आणि तो समोर बसलेल्यांना सांगतो, की तक्रार करण्याआधी आत डोकावून पाहा, परिस्थितीला दोष देऊ नका, दृष्टी बदला म्हणजे सृष्टी बदलेल. आत पाहण्याचा हा हुकूम नेहमी वरून खाली सुटतो. खालून वर गेलेला मी तरी ऐकला नाही. मालकाने ताळेबंदावर सही करण्यापूर्वी घटकाभर अंतर्मुख व्हावे, अशी कार्यशाळा कोणी भरविल्याचे ऐकिवात नाही.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. आत्मपरीक्षण ही मनुष्याला लाभलेली थोर शक्ती आहे, आणि तिच्यावाचून उभे राहिलेले लोककार्य पुष्कळदा केवळ गर्दीचा आणि गर्वाचा व्यवहार होऊन बसते, हे मला मान्य आहे. परंतु आत पाहून जे हाती लागले त्याची रुजवात दुसऱ्या कोणाच्या तरी दप्तराशी झाल्यावाचून ते खरे की खोटे याचा निवाडा होत नाही. आपणच प्रश्नपत्रिका काढून आपणच तपासणारा विद्यार्थी कधी नापास होत नसतो. हा सिद्धांत मी परदेशी ग्रंथातून उचललेला नाही. कृष्णेच्या खोऱ्यात, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीत, ही कल्पना साडेतीन शतकांत कशी कशी वळत गेली हे नीट पाहिले, की तो आपोआप पुढे येतो. मात्र त्या प्रवासातले एक वळण आपण सारे चुकीचे वाचीत आलो आहो, आणि आजच्या शिबिरांचे बरेचसे भांडवल त्या चुकीच्या वाचनातूनच आले आहे.

ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतचा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावरील एकांत आणि पंढरीच्या वाटेवरील दिंडी या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात मावतात, याविषयी मराठी मनाला कधी शंका आली नाही. रामदासांनी या दोहोंना क्रम दिला. टाकळीस बारा वर्षे तप, त्यानंतर बारा वर्षे देशाटन, आणि मग १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी येऊन लोकसंग्रहास आरंभ, हा त्यांच्या चरित्राचा सांगाडा शाळकरी मुलालाही पाठ असतो. शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ येथपासून बहे आणि शिराळ्यापर्यंत दहा वर्षांत उभे राहिलेले अकरा मारुती, १६४८ चे चाफळचे राममंदिर, शिवथरच्या घळीत आकारास आलेला दासबोध आणि शेवटी सज्जनगड, या साऱ्यांतून एक आकृती महाराष्ट्राच्या मनावर कायमची उमटली: आधी एकांत, मग लोकांत, माणूस डोंगरावर घडतो आणि घडून झाल्यावर खाली उतरतो. शिवाजीमहाराज आणि समर्थ यांच्या संबंधांवरून झालेल्या दीर्घ वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की ही आकृती कितीही भव्य असली, तरी तिच्यात एक उणीव राहून जाते. जो खाली उतरतो तो पूर्ण होऊन उतरतो, आणि पूर्ण झालेल्या पुरुषाकडे कोणी हिशेब मागत नाही. समर्थांच्या अंगी ही उणीव दिसली नाही याचे श्रेय समर्थांना द्यावे. आकृतीला देऊ नये.

त्या आकृतीला पहिला खरा तगादा लावला तो जोतीराव फुल्यांनी. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, तेव्हा सातारा जिल्ह्याने त्यांना आपले म्हणण्यास हरकत नाही. ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्यालाच ‘हे तुझ्या पूर्वकर्मांचे फळ, आत पाहा’ असे सांगण्याची युक्ती या देशात किती जुनी आहे आणि तिचा लाभ कोणाला होत आला, हे त्यांनी उघड केले. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने लग्नातला पुरोहित दूर केला आणि वधूवरांनी जमलेल्या माणसांसमोर एकमेकांना वचन द्यावे असे ठरविले, याकडे आपण केवळ भटशाहीविरुद्धचे बंड म्हणून पाहतो. तसे ते होतेच. तथापि त्याच्या पोटात दुसरेही काही होते. अंतःकरणाने केलेल्या निश्चयाची नोंद घेणारा अधिकारी बदलला होता. पूर्वी ती नोंद अग्नी आणि पुरोहित घेत. आता ती शेजारपाजारचे, भावकीतले, उद्या बांधावर भेटणारे लोक घेऊ लागले. ज्याने वचन मोडले त्याला विचारणारी माणसे आता गावातच होती.

सांगलीच्या बाजूला याच काळात वेगळा प्रवाह वाहत होता आणि त्याचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो माझ्या मताला सहजी अनुकूल नाही. जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज आणि त्यांच्या परंपरेतले जमखंडीचे रामचंद्र दत्तात्रय रानडे, ज्यांना आपण गुरुदेव रानडे म्हणतो, यांनी नामस्मरणाची साधना संसारी माणसाच्या घरात आणून ठेवली. विलिंग्डन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारा, पुढे अलाहाबादच्या विद्यापीठात मान्यता पावलेला हा विद्वान साक्षात्काराच्या अनुभवाला समाजोपयोगाचा दाखला जोडावा असे कधी मानीत नव्हता. अनुभव हाच अनुभवाचा पुरावा, अशी त्यांची भूमिका होती. मला ती पटत नाही, परंतु तिच्या शुचितेविषयी आदर वाटतो, कारण तिने अनुभवाचा बाजार मांडला नाही. आणि हेही विसरता कामा नये, की त्या संप्रदायाच्या नित्यनेमात दासबोधाचे वाचन होते, भजन सर्वांनी मिळून होत असे. म्हणजे ज्याला आपण निखळ आंतरिक म्हणतो त्या मार्गालाही ठरलेल्या वेळी येऊन बसणाऱ्या माणसांचा शेजार होताच.

आता मी त्या वळणाशी येतो. सन १९१७. विनायक नरहरी भावे नावाचा बावीस वर्षांच्या आतबाहेरचा तरुण, ज्याने आदल्या वर्षी जून महिन्यात कोचरबच्या आश्रमात गांधीजींची भेट घेतली होती आणि तेथेच राहण्याचे ठरविले होते, तो वर्षभराची रजा मागून घेऊन वाईला आला. प्रकृती खालावली होती, ती सुधारावयाची होती. आणि वाईत नारायणशास्त्री मराठे, जे पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, त्यांच्यापाशी वेदान्ताचे अध्ययन करावयाचे होते. उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य, पातंजल योगदर्शन असा तो व्यासंग होता. हा तरुण म्हणजेच पुढचे विनोबा. येथपर्यंतची हकिकत त्यांच्या प्रत्येक चरित्रात सापडते आणि सामान्यतः येथेच थांबते. मग चरित्रकार म्हणतो, की वर्ष संपताच ते ठरल्याप्रमाणे आश्रमात परतले आणि सेवाकार्यात मग्न झाले. समर्थांची आकृती पुन्हा जशीच्या तशी! टाकळीच्या जागी वाई, गोदावरीच्या जागी कृष्णा. आधी एकांतातले अध्ययन आणि मग लोकांत. आपल्याला ही गोष्ट अशीच ऐकावयास आवडते, म्हणून ती अशीच सांगितली जाते.

प्रत्यक्षात त्या वर्षात काय घडले याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे खुद्द विनोबांनी १९१८ च्या फेब्रुवारीत गांधीजींना लिहिलेले दीर्घ पत्र. ते पत्र हाती घेणाऱ्याला त्यात आध्यात्मिक अनुभूतींची वर्णने मिळतील अशी अपेक्षा असते, आणि मिळते ते जवळजवळ एखाद्या कारकुनाने काढलेले तपशीलवार पत्रक. रोज किती मैल चाललो, किती शेर धान्य दळले, सूर्यनमस्कार किती घातले. आहारातून मीठ केव्हा गेले, मसाले केव्हा गेले. गीता किती जणांना शिकविली, ज्ञानेश्वरीचे किती अध्याय किती विद्यार्थ्यांना सांगितले, उपनिषदे कोणी ऐकली. पायी सुमारे चारशे मैल हिंडून कोणते गड पाहिले आणि गीतेवर व्याख्याने दिली. जवळ बाळगलेल्या वस्तूंची यादीही त्यात आहे: लाकडी ताटली, वाटी, आश्रमातला तांब्या, धोतर, कांबळे आणि पुस्तके. सदरा, कोट, टोपी वापरावयाची नाही असे व्रत होते. ज्याने आपली रजा आश्रमाबाहेर काढली, त्याने आश्रमाचे नियम तेथे पाळले की नाही याची ही झडती होती, आणि ती देणाऱ्याने स्वतः होऊन दिली होती.

या यादीत एक कलम असे आहे, की त्यापाशी मी पुनःपुन्हा थांबतो. वाईत विनोबांनी ‘विद्यार्थी मंडळ’ नावाची एक संस्था काढली आणि तिच्यासाठी वाचनालय सुरू केले. वाचनालयाला पैसा हवा. तो वर्गणीची वही फिरवून उभारण्याऐवजी त्यांनी दळणाचा वर्ग काढला. ज्यांना पिठाच्या गिरणीवर जावे लागले असते त्यांचे धान्य घेऊन यावयाचे, दोन शेरांस एक पैसा या दराने दळून द्यावयाचे आणि पैसा वाचनालयाच्या खात्यात टाकावयाचा. पंधरा विद्यार्थी आणि विनोबा दळीत असत, आणि त्यांत खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलेही होती. साऱ्या गावाने त्यांना वेड्यांत काढले. तरी काम सुमारे दोन महिने चालले आणि वाचनालयात चारशे पुस्तके जमली.

जुन्या वळणाच्या त्या वाईत याचा अर्थ काय होता, हे आज कल्पनेनेच जाणावे लागेल. दळण हे बायकांचे काम. पहाटे उठून, खुंट्याला हात घालून, मुठीमुठीने दाणा सोडीत, ओव्या म्हणत करावयाचे काम. शांकरभाष्याचा पाठ चाललेला आहे, आणि त्याच हातांना जात्याच्या खुंट्याने घट्टे पडत आहेत. ब्रह्म आणि माया यांचा निर्णय करणारा विद्यार्थी कोणाच्या तरी घरची ज्वारी किंवा गहू मोजून घेतो आहे आणि पीठ मोजून परत करतो आहे. पीठ जाडे निघाले, वजनात घटले, तर पोथीचा आधार देऊन सुटका नव्हती. ती बाई दुसऱ्या दिवशी गिरणीवरच गेली असती. माझ्या मते सबंध आधुनिक महाराष्ट्रात अंतर्मुखतेच्या कल्पनेने घेतलेले सर्वांत महत्त्वाचे वळण या दोन महिन्यांत आहे. येथे साधक घडून झाल्यावर लोकांत उतरत नाही. तो अजून कच्चा आहे, आजारातून उठला आहे, वेदान्त शिकतो आहे, आपल्या आयुष्याचे काय करावे हे त्याचे पुरते ठरलेले नाही. आणि नेमक्या त्या अवस्थेत तो पंधरा पोरांसोबत जात्यावर बसतो. त्याचे प्रयोजन आधी गवसले आणि मग कामाला लागला, असा क्रमच नाही. काम, माणसे आणि आत्मपरीक्षण ही तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी चाललेली आहेत, आणि त्यांतले प्रत्येक दुसऱ्याची परीक्षा घेत आहे.

गांधीजींचे उत्तर प्रसिद्ध आहे. गोरखाने मच्छिंद्राला जिंकले, असे उद्गार त्यांनी पत्र वाचून काढल्याचे सांगतात. आणि लिहून कळविले ते अशा आशयाचे, की तुझी परीक्षा करण्यास मी समर्थ नाही, तू आपली जी परीक्षा केली आहेस ती मी मान्य करतो आणि तुझ्या पित्याचे स्थान स्वीकारतो. हे उत्तर माझ्या विरुद्ध पुरावा म्हणून कोणी पुढे करील: पाहा, शेवटी स्वतः केलेली परीक्षाच प्रमाण ठरली, रुजवात कोठे झाली? यावर माझे म्हणणे असे, की गांधीजी ती परीक्षा न तपासता मान्य करू शकले, कारण तिचे प्रत्येक कलम तपासण्याजोगे होते. शेर, मैल, पैसे, पुस्तके, विद्यार्थी, हे सारे वाईत जाऊन कोणालाही विचारता आले असते. मला शांती लाभली, मला प्रकाश दिसला, माझे प्रयोजन मला उमगले, अशा मजकुराचे पत्र असते, तर त्या काठियावाडी बॅरिस्टराने त्याला कोणते उत्तर दिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

विनोबांच्याच आयुष्यात याची उलट बाजूही आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७४ च्या डिसेंबरात त्यांनी पवनारला वर्षभराचे मौन धरले. त्या मौनातच देशावर आणीबाणी आली, आणि त्यांनी कागदावर लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने घोषवाक्य करून भिंतीभिंतीवर रंगविले. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला, की राज्यकर्त्यांचे ते शासन, आचार्यांचे ते अनुशासन. पण तोपर्यंत शब्दांनी आपले काम केले होते. विनोबांचा हेतू मलिन होता असे मी म्हणत नाही. वाईच्या जात्यावर बसलेला तरुण आणि पवनारचा मौनी ऋषी यांच्यात फरक पडला तो चारित्र्याचा नव्हे. तरुणाच्या भोवती त्याला वेडा म्हणणारे गाव होते, ऋषीच्या भोवती त्याच्या अक्षराला प्रमाण मानणारे भक्त होते. एकाच माणसाचे आत पाहणे एका ठिकाणी वाचनालय उभे करते आणि दुसऱ्या ठिकाणी हुकूमतीच्या हाती शिक्का देऊन बसते, तेव्हा दोष आत पाहण्यात नसून त्याच्या शेजारात आहे, असेच म्हणावे लागते.

वाईचे वळण एकाकी राहिले नाही. दोनच वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधकांच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेचा संकल्प झाला. आणि किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह चालू केले, जेथे १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका चुलीवर स्वयंपाक करीत, एका पंक्तीस जेवीत आणि आपल्या शिक्षणाचा खर्च अंगमेहनतीने भागवीत. भाऊरावांनी कोणाही मुलाला ‘तुझ्या आयुष्याचे ध्येय लिहून आण’ असे सांगितल्याचे मला ठाऊक नाही. पिठात पाणी किती घालावयाचे हे मात्र तेथे शिकवावे लागले असणार. ज्याच्या हातचे पाणी आईने कधी घेतले नसते, त्याने थापलेली भाकरी खाताना मुलाच्या मनात जी उलथापालथ होते, तिच्याहून खोल आत्मपरीक्षण कोणते? ती भाकरी चालू ठेवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. पुढे याच भूमीवर नाना पाटलांच्या प्रतिसरकारने हुंड्यामानपानाशिवायची गांधीलग्ने लावली आणि तंट्यांचे निवाडे गावातच केले, तेव्हा तीही याच वाटेची पुढची मजल होती. तिचा विस्तार येथे करीत नाही.

आता पाचगणी. येथे १९६७ साली राजमोहन गांधींच्या पुढाकाराने ‘एशिया प्लेटो’ हे केंद्र उभे राहिले. फ्रँक बुकमन या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या ऑक्सफर्ड ग्रुपमधून १९३८ साली निघालेल्या नैतिक पुनःशस्त्रीकरण चळवळीचे हे हिंदुस्थानातले ठाणे. पहाटे शांत बसावयाचे, अंतरात्मा काय सांगतो ते वहीत लिहावयाचे, प्रामाणिकता, शुचिता, निःस्वार्थता आणि प्रेम या चार कसोट्यांवर ते घासून पाहावयाचे, ही तेथली पद्धत. जग बदलावयाचे तर स्वतःपासून आरंभ करा, हे तिचे सूत्र. डाव्या विचारांच्या लोकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले आणि त्यांच्या संशयाला आधार होता. मजूर आणि मालक दोघांनी सारखेच आत पाहावे असे म्हटले, की दोघांच्या ताटांतला फरक दृष्टीआड होतो. जोतीरावांचा तगादा या चळवळीने कधी पुरता भागविला नाही. परंतु न्यायाची बाब म्हणून हेही नोंदविले पाहिजे, की वहीत लिहून थांबण्याची मुभा तेथे नव्हती. लिहिलेले दुसऱ्याला सांगावयाचे, आणि ज्याचे देणे लागत असू त्याच्या दारी जाऊन ते फेडावयाचे: बुडविलेला कर भरणे, शत्रुत्व धरलेल्या भावाची क्षमा मागणे, लपविलेला व्यवहार उघड करणे. आजच्या शिबिराने त्यातली पहाट घेतली, वही घेतली, दरीचे दृश्य घेतले आणि देणेकऱ्याच्या दारापर्यंतचा रस्ता तेवढा गाळून टाकला.

तो रस्ता ज्यांनी गाळला नाही अशी एक शाखा त्याच झाडाला फुटली आहे, आणि तिचे नाव घेताना सभ्य लोक अजून संकोचतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरी ऑक्सफर्ड ग्रुपच्या परिवारातल्याच दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस जन्माला आले. त्यांच्या बारा पायऱ्यांतील चौथी म्हणते, आपली निर्भयपणे नैतिक झडती घ्या. आणि पाचवी लगेच म्हणते, ती दुसऱ्या एका हाडामांसाच्या माणसाला सांगा. आठव्या पायरीवर ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करावयाची आणि नवव्या पायरीवर, त्यांना इजा होणार नसेल तेथे, ते भरून द्यावयाचे. कोणत्याही गावातल्या अशा सभेत जाऊन बसावे. लोखंडी खुर्च्या, स्टीलच्या पेल्यातला चहा, एक माणूस उभा राहतो, आपले पहिले नाव सांगतो, आणि बायकोच्या डब्यातले पैसे कसे चोरले ते सांगतो. ऐकणाऱ्यांत कोणी उपदेश करीत नाही, कोणी दचकत नाही, कारण प्रत्येकाने तशीच चोरी केलेली असते, आणि म्हणूनच त्यांतला कोणीही खोट्या पश्चात्तापाला फसत नाही. समुदाय याला म्हणतात. येथे येण्यास शुल्क नाही.

साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या गावी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचे केंद्र उभे केले, हे त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यापुढे झाकले जाते. मला ती दोन कामे एकच वाटतात. बुवाबाजीला त्यांचा आक्षेप ज्या कारणासाठी होता, नेमके त्याच कारणासाठी दारुड्याला गटाची गरज असते: मनुष्याचे अंतःकरण स्वतःशी खोटे बोलण्यात अत्यंत निष्णात असते, आणि त्याला विचारणारा कोणी जवळ नसला की त्या खोट्याला तो दैवी आदेश म्हणू लागतो. विवेक हा शब्द समर्थांनी वापरला आणि दाभोलकरांनीही. पण दाभोलकरांचा विवेक चारचौघांत प्रश्न विचारल्यावाचून पुरा होत नव्हता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, ती अशा प्रश्नांचा वीट आलेल्यांनी केली.

तेव्हा ज्यांना पाचगणीच्या पठारावर तीन दिवस मौन धरावयाचे आहे त्यांनी अवश्य धरावे. ती हवा खरोखरच चांगली आहे. मात्र परतताना आपल्या प्रयोजनाचे वाक्य घेऊन येण्याऐवजी आपण ज्यांचे देणे लागतो त्यांच्या नावांची यादी घेऊन यावी, आणि पहिल्या नावापासून दारोदार जावे. ज्या वरिष्ठाने कनिष्ठाला अंतर्मुख होण्याचा सल्ला दिला असेल, त्याने आधी त्याचा थकलेला पगार चुकता करावा आणि मग त्याच्याच समोर बसून आपले आत्मपरीक्षण मोठ्याने वाचून दाखवावे. आणि ज्याला असा सल्ला मिळाला असेल, त्याने निःशंकपणे उलट विचारावे, की साहेब, आपली वही कोणी तपासली? या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याच्याकडून अंतर्मुखतेचा धडा घेण्याचे आपल्याला काहीही कारण नाही.